लोखंडी नखी

"रक्त कोणाचं हाय हे?"

यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली होती. माझं तोंड पायरीच्या इतकं जवळ दाबलं होतं की ओल्या दगडाचा वास नाकात शिरत होता. पायरी आमच्या पानमळ्यातल्या देवीच्या ओट्याची. वर दिवा तेवत होता, थोड्या वेळापूर्वी मीच लावलेला. पायरीवर रुपयाएवढा लाल डाग होता, अजून ओला.

"बोल न वं! कोणाचं हाय?"

मी बोलले नाही. मग पाठीत शेवरीचा फोक बसला. शेवरीचा ओला फोक लवतो, त्यामुळे तो पाठीवर बसत नाही, पाठीला वेढतो. टोक बरगडीवर येऊन चावतं. दुसरा बसला, तिसरा बसला. माझ्या ओच्यातली पानं सगळीकडे सांडली. अंगठ्यात पानं खुडायची लोखंडी नखी तशीच होती, कारण मळ्याच्या पार त्या टोकाला मी खुडत असतानाच यांनी येऊन वेणी धरली होती आणि तिथून इथपर्यंत वेलांच्या रांगेतून फरफटत आणलं होतं.

ओट्याच्या बाजूला आक्का उभ्या होत्या. द्वारकाआक्का, माझी थोरली नणंद. पदर नाकाला लावलेला.

"म्या सांगतलं होतं तुले, देवराव," त्या म्हणाल्या. "तीन वाफे उगाच नाई वायले. कोणीतरी विटाळ घिऊन आत येऊन राह्यलं."

"कोणीतरी काऊन म्हणतं? हेच हाय कोणीतरी!" यांनी वेणीला हिसडा दिला. "पन्नास वर्षाची बाई तू, तुले लाज नाई वाटली? तुही सुटली म्हणून तुले मळ्यात घेतलं ना आमी?"

सुटली. आमच्याकडे पाळी गेली की बाई 'सुटली' म्हणतात. नागवेल फार नाजूक, फार सोवळी. पायातल्या चपला फाटकाबाहेर काढायच्या आणि विटाळशीनं फाटकाला हातसुद्धा लावायचा नाही. शेजाऱ्यांच्या मळ्यांत चार दिवस पाळले की झालं. आमच्या घरात त्याहून कडक. ज्या बाईला पाळी येते तिनं मळ्यात पाऊलच टाकायचं नाही, मग तिचे दिवस असोत की नसोत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांची भाकर फाटकावरून आत दिली. आतली देवी मी कधी पाहिली नव्हती. फाटकाशी उभी राहून सकाळी लांबूनच हात जोडायचे आणि वेलांच्या हिरव्या अंधारात एक ठिपका हलताना दिसायचा, तो दिवा. तो आक्का लावायच्या. त्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे परत आलेल्या आणि लवकर सुटलेल्या. मळ्याचा दिवा सुटलेल्या बाईनं लावायचा, पानंही तिनंच खुडायची.

मी सुटले त्या वर्षी आक्कांचे गुडघे धरले होते. त्यांनी दिव्याची वात माझ्या हाती दिली आणि स्वतःच्या अंगठ्यातली नखी काढून माझ्या अंगठ्यात घातली. "देवीपुढं जाताना काढत जाय," म्हणाल्या. "तिच्यापुढं लोखंड नाई चालत."

पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी रडले होते. माझा स्वभावच तसा. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नाही, पोथीचा अध्याय झाल्याशिवाय चूल पेटवत नाही, आणि उंच आवाजात बोललेलं मला स्वतःचंच सोसत नाही. एवढी वर्षं लांबून हात जोडलेल्या देवीच्या पायाशी वात लावायला मिळाली, ह्याहून मोठं काही माझ्या जन्मात घडलेलं नव्हतं.

आक्कांनी आणखी एक शिकवलं होतं. न्हाणीत नेऊन, दार लावून, कानाशी.

"पाळी गेली म्हणजे समदं गेलं असं नाई. आतला विटाळ राह्यतेच. तुरटीच्या पाण्यानं आतून धुवाचं रोज. मंगच दिव्याले हात लावाचा. मले माह्या आत्यानं सांगतलं, मी तुले सांगतो."

मी धुवत गेले. दिवा जसा नेमानं, तशी तुरटीही नेमानं.

आणि गेल्या दिवाळीपासून घरात एक वास येऊ लागला. देवघरात सगळ्यांत जास्त. कुजकट, गोडूस. उदबत्ती लावली तरी तिच्या खालून यायचा. आक्का पदर नाकाला लावायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी समजले. तुरटी वाढवली. मेडिकलमधून जखमा धुवायचं औषध आणलं, ते पाण्यात घातलं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मग आग होऊ लागली. लघवीला बसले की आतून काचेचा चुरा फिरवल्यासारखं व्हायचं. मी दात आवळून बसायची आणि मनात म्हणायची, जळतं आहे म्हणजे निघतं आहे. वास मात्र जाईना. मग उन्हाळ्यात एकदा लुगड्याला रक्ताचा ठिपका दिसला. पुन्हा एकदा दिसला. मी ते लुगडं स्वतः धुतलं, आतल्या दोरीवर वाळत घातलं, आणि कोणाला न सांगता एक वेळचं जेवण सोडलं.

त्याच महिन्यात मळ्याच्या उतारावरचे तीन वाफे माना टाकायला लागले.

म्हणून मी बोलत नव्हते. फोक बसत होता आणि माझ्या मनात एकच होतं, हे रक्त माझं आहे. वेल मी मारले.

"उद्या पंचमी," हे धापा टाकत म्हणाले. नागपंचमीला आमच्याकडे वेलाची पूजा असते, सगळा भाऊबंद मळ्यात येतो. "उद्या समदे येतीन आन हे असं पायतीन. आक्का, हिले झोपडीत ने. आतून साफ कर. मले संध्याकाळच्या आत साफ पायजे."

"फिनेल हाय का?" आक्कांनी विचारलं.

"हाय. बाज्याखाली."

मला झोपडीत ढकललं, मागोमाग आक्का आत आल्या आणि बाहेरून कडी लागली. झोपडी कसली, चार कुड आणि वर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचं छप्पर, पानांच्या करंड्या ठेवायची जागा. आक्कांनी बाजेखालून बाटली काढली आणि पाण्याच्या बादलीत ओतली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. डोळ्यांना झोंबेल असा दर्प उठला.

"लेट," त्या म्हणाल्या.

"आक्का, आधीच आग होते वं. तुमच्या पाया पडते. मी बाहेरूनच राह्यते, दिवा नाई लावत. हे नका करू."

"लेट म्हणलं ना! मी नाई केलं का? इतके वर्षं मी नाई केलं?"

त्यांनी मला पायात पाय घालून पाडलं. दुखरे गुडघे म्हणायचे, पण हाड जुनं होतं. आधी त्यांनी माझा उजवा हात, नखीचा, गुडघ्याखाली दाबला. त्यांना ठाऊक होतं नखी काय करते. दुसऱ्या हातानं बादलीतून मग भरून घेतला. मी पाय झाडले. मगातलं पाणी मांडीवर सांडलं आणि कातडी पेटल्यासारखी झाली. त्यांनी माझ्या तोंडात मारली, मग डोकं धरून मेढीच्या खांबावर आपटलं. डोळ्यांपुढे पिवळं झालं. मी डावा हात सैरभैर मारला, त्यांचं लुगडं हाती आलं, तेच ओढलं. बादली लवंडली. आम्ही दोघी त्या पांढऱ्या चिखलात लोळत होतो. बाहेरून हे ओरडत होते, "काय चालू हाय? झालं का?"

लुगडं माझ्या मुठीत ओलं होतं. मला वाटलं फिनेल. मूठ तोंडापुढे आली तेव्हा ती लाल होती.

आणि तेव्हा, फिनेलच्या त्या दर्पातूनसुद्धा, तो वास वर आला. देवघरातला, दिवाळीपासूनचा, ज्याच्यासाठी मी माझं आतडं जाळत आले होते, तो वास. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावरून येत होता. माझ्या अंगातून येत नव्हता.

"आक्का," मी म्हणाले, "हे तुमचं हाय."

त्यांचा हात थांबला. मग तोच हात माझ्या गळ्यावर आला.

"सांगशील तर जीव घीन तुहा." अंगठे नरड्यात रुतले. माझा श्वास बंद झाला, कानात पाणी भरल्यासारखं झालं. त्यांचा चेहरा माझ्यावर होता आणि डोळ्यांतलं पाणी माझ्या गालावर टपटपत होतं. "ऐकलं का? जीव घीन."

मग बोटं सैल पडली. त्या बाजूला झाल्या आणि कुडाला टेकून बसल्या. मातीवर त्यांच्या खालून एक लालसर ओल पसरत होती.

मी खोकत उठून बसले. "पायरीवरचं?"

त्या लुगड्याचा ओला काठ पायांखाली ओढू लागल्या.

"तुमी जाता तिथी?"

"तू पानं खुडाले आत गेली की जातो. बसतो जराशी पायरीवर." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "उठली तं डाग दिसला. पुसाव म्हणलं तं देवराव फाटकातून येऊन राह्यला होता. मंग तोंडातून तुहं नाव निंघालं."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. जास्तीच असन. आधी थेंब थेंब जाये. तुरटी लावली की थांबे. आता नाई थांबत."

"काऊन नाई सांगतलं कोणाले?"

"कोणाले सांगू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तू बायको हायेस. तुले मारतीन आन ठेवतीन. मले काढून देल्लं तं मी कुठी जाऊ? माह्यापाशी त्या दिव्याबिगर काय होतं वं? सांगू नको, गुंफा. पाया पडतो तुह्या."

आणि माझ्यापेक्षा मोठी ती बाई खरोखरच माझ्या पायांवर हात ठेवायला पुढे सरकली. तेवढ्यात कडी निघाली.

हे दारात उभे होते, फोक हातातच. त्यांनी लवंडलेली बादली पाहिली, मला पाहिलं.

"झालं का, आक्का?"

मी आक्कांकडे बघितलं. मी गप्प राहिले तर संध्याकाळपर्यंत आणखी एक बादली येणार होती, आणि ती मला सोसणार नव्हती. बोलले तर मी सुटत होते आणि त्या मरत होत्या. मला वाटलं, त्या बोलतील. निदान एवढं म्हणतील, की पुरे झालं.

"ऐकत नाई हे, देवराव," आक्का म्हणाल्या.

फोक वर गेला. पहिला खांद्यावर, दुसरा मानेवर. वळ उठतो तो आधी थंड लागतो आणि मग जळतो. तिसऱ्यासाठी यांनी हात मागे नेला तेव्हा मी उठले होते. कशी उठले ते मला आजही सांगता यायचं नाही. उजवा हात मोकळा होता. पान खुडताना आपण अंगठा देठाखाली घालतो आणि वर उचलतो, बस्स. शंभर शंभर वेळा तेच केलेला हात. तो यांच्या जबड्याखाली गेला आणि वर आला.

आवाज काहीच झाला नाही. हनुवटीपासून डोळ्याखालपर्यंत एक पांढरी रेघ उमटली, क्षणभर पांढरीच राहिली, मग लाल झाली आणि वाहू लागली. सदऱ्याची कॉलर भिजली. यांनी गालाला हात लावला, हाताकडे पाहिलं, पुन्हा लावला.

नखी अजून वरच होती. यांच्या गळ्याजवळ.

"गाडी जुंपा," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ कमी झालं का विचारावं तसा. "फाट्यावर एस्टी भेटन. अमरावतीले जायचं हाय दवाखान्यात. दोघीले."

"दोघीले?" यांचा शब्द तोंडातल्या रक्तात अडकला. "आक्काले काय झालं?"

मी बाजूला झाले.

यांनी बघितलं. कुडाला टेकलेली बहीण, तिचं लुगडं, तिच्या खालची ओल. मग दारातून बाहेर, ओट्याच्या दिशेनं बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे. कळायला वेळ लागला, पण कळलं. आक्कांनी डोळे मिटून दोन्ही हात डोक्यावर धरले, मार चुकवायला लेकरू धरतं तसे.

मीही थांबले. फोक यांच्या हातात होता. रक्त तेच होतं, पायरी तीच होती, वेल तेच होते. मला बघायचं होतं.

फोक खाली पडला.

"आक्का," हे तिच्यापुढे बसत म्हणाले, "दुखते का वं लय?"

सकाळपासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. त्या झोपडीत मी तेवढ्यासाठीच रडले, मारासाठी नाही.

पंचमीच्या दिवशी मळ्यात वेलाची पूजा भाऊबंदांनी केली. आम्ही तिघं अमरावतीला होतो. बाहेरच्या खोलीत कंपाउंडर यांच्या गालाला टाके घालत होता आणि हे त्याला सांगत होते, "शेवरीचा फोक लागला." आत डॉक्टर काळमेघ बाईंनी आधी आक्कांना तपासलं. बराच वेळ. मग हात धुऊन आल्या. मग मला.

"हे भाजलंय कशानं?"

"फिनेल."

त्यांनी माझ्या पाठीवरचे वळ बघितले, मानेवरचे बघितले, दाराकडे बघितलं. "पोलिसांना बोलावू?"

"नको. त्याईच्या गालावर हाय माहा तक्रारीचा कागद."

त्या म्हणाल्या, "आणि आतून काय लावता रोज? खरं सांगा."

मी तुरटीचं सांगितलं, औषधाचं सांगितलं. मान खाली घालून, जणू मीच कोणाचा खून केला होता.

"दही लावता ना घरी?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"विरजण असतं म्हणून दही लागतं. त्या विरजणात काय असतं? जिवंत जंतू. चांगले. तसलेच जंतू बाईच्या अंगात, आत, देवानं ठेवलेले असतात. ते तिथं आंबटपणा राखतात, त्या आंबटपणात वाईट जंतू टिकत नाहीत. राखणदार समजा. पाळी गेली की अंगातला रस कमी होतो, आतली कातडी कागदासारखी पातळ होते, आणि राखणदार आपसूकच थोडे उरतात. प्रत्येक बाईचं होतं हे. विटाळ नाही, वय आहे. त्यात तुम्ही तुरटी ओतली. दुधात तुरटी टाकली तर काय होईल?"

"नासन."

"तेच झालं. जे थोडे राखायला उरले होते ते तुम्ही रोज सकाळी धुऊन मारलेत."

मी रोज सकाळी. दिव्याआधी. मला त्या पांढऱ्या खोलीत देवीचं तोंड आठवलं आणि तिच्याकडे बघता येईना.

"मंग तो वास माहा नव्हता?"

"तुमच्यात तेवढा वास येण्यासारखं काही नाही. आग आहे, जखम आहे, बरी होईल. मलम देईन, रात्री आतून लावायचं. त्यानं कातडी परत धरेल, राखणदार परत येतील. पण आधी गर्भपिशवीतला तुकडा तपासायला पाठवते. पाळी गेल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी तपासायचं, घाबरायचं नाही आणि लपवायचंही नाही." त्यांनी आवाज उतरवला. "तुमच्या नणंदेनं दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं हो."

माझा तुकडा साफ निघाला. आक्कांचा निघाला नाही. गर्भाशयाच्या तोंडापासून पार खोलवर पसरलं होतं. किरणांचे शेक देऊ म्हणाले, दिले. रक्त थोडं थांबलं, आक्कांचं झिजणं थांबलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास यांनी वाळलेल्या तीन वाफ्यांच्या कडेचा चर उकरला. वरच्या बांधाची माती ढासळून तो बुजला होता आणि पाटाचं पाणी मुळांशी साचून राहिलं होतं. मुळ्या हातात घेतल्या की सालीसकट निघून येत होत्या. यांनी त्या माझ्यापुढे आणून ठेवल्या. मी ओवा निवडत होते, निवडत राहिले.

आक्कांचं अंथरूण मी देवघराच्या शेजारच्या खोलीत टाकलं. नुसत्या कोमट पाण्यानं धुवायची त्यांना, बाहेरून, मऊ फडक्यानं. वास होताच. मी पदर नाकाला लावला नाही. एकदा त्यांनी माझा हात धरला. माझ्या गळ्यावर त्यांच्या अंगठ्यांच्या खुणा केव्हाच गेल्या होत्या, पण त्या तिथंच बघत होत्या.

"गुंफा. एकडाव दिवा दावशील?"

मार्गशीर्षातली सकाळ होती. मी यांना सांगितलं, "आक्काले मळ्यात न्यायचं हाय."

"आता? तिचं तं..." यांनी वाक्य सोडून दिलं.

"हाव. रक्त जाऊन राह्यलं. म्हणूनच आता."

गाडीत गवत टाकून नेलं. फाटकाशी हे थांबले. त्यांचा एक हात खांबावर होता आणि मी बघत होते की तो हात काय करतो. हाडांची मोळी झालेली ती बहीण माझ्या मांडीवर होती, लुगडं भिजलेलं होतं. नखी अंगठ्यात होती, तिचं टोक मी गाडीच्या साट्यावर वाजवत होते. मुद्दाम नाही. वाजत होतं.

यांनी चपला काढल्या. आक्काला दोन्ही हातांवर उचललं आणि वेलांच्या रांगेतून चालत आत नेलं. तीच रांग, जिथून मला फरफटत आणलं होतं. ओट्याच्या पायरीवर टेकवून बसवलं. मी वात तिच्या बोटांत दिली, काडी मी ओढली, हात धरून दिवा तिच्याकडून लावून घेतला. ती देवीकडे बघत नव्हती. दिव्याकडे बघत होती, आणि हसत होती.

उठवलं तेव्हा पायरीवर डाग होता. यांनी घाईनं विहिरीकडे पाऊल टाकलं, पाणी आणायला.

"राहू द्या," मी म्हणाले.

हे थांबले.

त्या पौषात गेल्या आक्का. फाल्गुनात मळ्याला कळ्यांसारखी कोवळी पानं आली, उतारावरच्या नव्या लावणीलासुद्धा.

आता पुष्कळ वर्षं झाली. मळा आहे. पानं खुडायला गावातल्या बाया येतात. सुटलेल्या येतात, न सुटलेल्याही येतात. फाटकाशी त्यांना कोणी काही विचारत नाही, कारण फाटकाशी मी असते. कधी एखादी जवळ सरकते, "मावशी, आग होते वं लघवीले, कोणाले सांगू?" म्हणते. मी तिला विरजणाचं सांगते आणि अमरावतीच्या एस्टीत बसवते. गरज लागली तर शेजारी बसून जाते.

हे फाटकाजवळ बाजेवर पडून असतात. म्हातारे झाले. गालावरची रेघ सुरकुत्यांतही वेगळी दिसते. कोणी नव्यानं विचारलं तर अजून तेच सांगतात, शेवरीचा फोक लागला. मी दुरुस्त करत नाही. ऐकते, आणि आत जाते.

माझा नेम चुकलेला नाही. तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, मग मळ्याचा दिवा. आक्का म्हणायच्या, देवीपुढं लोखंड चालत नाही, नखी काढून जायचं. बाकी सगळं मी त्यांनी शिकवलं तसंच करते. वात तशीच वळते, हात तसेच जोडते.

नखी काढत नाही.